तोंडात पाण्याचा घोट

दर रविवारी बारामतीत मी पूर्वतयारीचा वर्ग घेते. बारावी सोडा, ज्यांची धड सातवीही झाली नाही, त्यांना ही एक परीक्षा पास झाली की मुक्त विद्यापीठात बी.ए.ला बसता येतं. येणारे सगळे आठवडाभर राबून आलेले. कुणी डुलक्या काढतं, कुणाचा फोन वाजतो आणि मी खेकसते. माझं तोंड वाईट आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

त्यात कन्हेरीच्या एक मावशी होत्या. कॉलेजच्या मेसमध्ये चपात्या लाटायच्या. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शाळा चौथीतच सुटली, पण वाचन सुटलं नाही, कारण श्रावणात गावच्या देवळात पोथी वाचायला त्याच बसायच्या. आवाज असा खणखणीत की अर्ध्या आळीला घरबसल्या ऐकू जायचा. मेसमधल्या पोरी जेवताना इतिहासाचं, राज्यशास्त्राचं बोलायच्या, ते यांनाही शिकायचं होतं. इंदापूरला राहणाऱ्या मुलाला हे खूळ वाटे. आईने आता घरी यावं, नातू सांभाळावा, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी दोघांत ठरलं की परीक्षेला एकदाच बसायचं. पास झाल्या तर कन्हेरीतच राहून शिकायचं, नापास झाल्या तर मुकाट्याने इंदापूर. मावशींनी तसा शब्द दिला.

पहिल्याच सराव पेपरला घोळ लक्षात आला. मावशी मोठ्याने वाचायला लागल्या. मनात वाचा म्हटलं, तर त्यांना काही म्हणजे काही उमगेना. आयुष्यभर वाचलं ते लोकांना ऐकवायला. कानावर पडल्याशिवाय त्यांना अर्थच लागायचा नाही. मी चिडले, ओठांवर बोट ठेवायला लावलं, तरी पुटपुट चालूच. मग मीच उपाय काढला: तोंडात पाण्याचा घोट धरून वाचायचं. सुरुवातीला त्या पदराने हनुवटी पुसत बसायच्या आणि बाकीचे हसायचे. पण हळूहळू जमलं. आवाज आतल्या आत राहायचा आणि अर्थही लागायचा. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

परीक्षेचं केंद्र इंदापूरला आलं. मी सोबत गेले आणि फाटकाबाहेर थांबले. आत थोड्याच वेळात पर्यवेक्षकाला मावशींचे फुगलेले गाल दिसले. त्याला वाटलं, तंबाखू. थुंकून या म्हणाला. पाणी आहे हे सांगायचं तर घोट गिळावा लागला, आणि मग त्याचा विश्वास बसेना. पाण्याची बाटली त्याने आपल्या टेबलावर नेऊन ठेवली. मावशी पुटपुटायला लागल्या, शेजारच्यांनी तक्रार केली, याने दटावलं. त्यानंतर त्या नुसत्या बसून राहिल्या. पेपर सुटल्यावर हे कळलं, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत जाऊन भांडले. सगळं नियमाप्रमाणे झालंय, असं सांगून केंद्रावरच्या लोकांनी मला वाटेला लावलं.

मावशी नापास झाल्या. मेस सोडली, कन्हेरीच्या घराला कुलूप घातलं.

पुढे मी इंदापूरला त्यांच्याकडे गेले. मुलगा अदबीने वागला, सुनेने चहा दिला. मावशींना पुन्हा बसू द्या म्हणून मी परोपरीने सांगितलं. मावशीच म्हणाल्या की शब्द दिलाय. मग त्यांनी आतून प्रश्नपत्रिका आणली आणि माझ्या हातात दिली.

"ऱ्हायल्यालं तेवढं वाचून दावा, बाई."

मी वाचत गेले. मांडीवर नातवाला थोपटत त्या उत्तरं देत गेल्या. एखाददुसरं चुकलं, बाकी बरोबर. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. वाचता वाचता मला रडू आवरेना.

"पास झाले असते का वो मी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण राग इतका आला होता की मी जवळजवळ ओरडलेच, "हो, मावशी! झाला असता!"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो पायात चप्पल सरकवून बाहेर निघून गेला. मांडीवरचं पोर चुळबुळलं, तसा त्यांनी त्याच्या अंगावर पदर ओढला.

"हळू बोला, बाई. आत्ताच निजलाय."