मास्तरांचं माप आणि वडिलांचा रणगाडा

टेलरमास्तरांना फितीची गरज नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कंबर सांगून मोकळे! चुकायची ती फक्त स्वतःची. दरवर्षी पँटीच्या शिवणीत दुमडलेली माया थोडी उसवायची आणि 'कापड आटलं' म्हणायचं, की झालं.

दुसरं वेड सुट्टीतलं. आडगावांत जाऊन युद्धानंतर टाकून दिलेल्या तोफा नि खंदक बघत हिंडायचं. वडील रणगाडा चालवायचे ना! "लढाईत काय पाहिलंत?" असं लहानपणी शंभरदा विचारलं, तर म्हातारा एकच सांगे, "गवत." मास्तरांना वाटे, आपल्याला उडवून लावतात. मग त्यांनी दुकानात बसून वडिलांची लढाई स्वतःच शिवली. गिऱ्हाइकागणिक शत्रूची माणसं वाढत गेली.

या खेपेला मात्र वडील चालवायचे तसलाच रणगाडा सापडला. तीन बस बदलून, वर तासभर चालून बायकोसह तिथे पोचले. माळावर गंजत पडला होता. मास्तरांना एकदाच, फक्त एकदाच वडिलांच्या जागी बसायचं होतं.

चालकाच्या जागेचं वरचं तोंड त्यांनी नजरेनं मापलं. "आरामात जाईन."

"अहो, फीत लावून बघा," बायको म्हणाली.

"कुणाला सांगतेस?"

कंबरेपर्यंत गेले आणि बसलं की बूच! धड आत ना धड बाहेर.

"लोखंड आटलंय," मास्तर म्हणाले.

बायको हसून हसून बेजार झाली. मग काखेत हात घालून तिनंच त्यांना ओढून काढलं. मास्तर खाली येऊन बसले आणि त्यांना रडूच फुटलं. "काय मी शहाणा! तीस वर्षं लोकांची पोटं मोजली, आणि माझंच आडवं आलं गं."

बायकोनं चपला काढल्या आणि सुळकन आत उतरली.

"समोर एक फट आहे. बोटभर."

"काय दिसतं?"

तिनं फटीला डोळा लावला. "गवत."

"अगं, नीट बघ!"

"नीटच बघतेय. गवताशिवाय काही दिसतच नाही हो इथून."

मास्तरांनी डोळे पुसले. "म्हणजे खरंच सांगत होते," एवढंच म्हणाले.

सोमवारी दुकान उघडलं. नेहमीच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मास्तर, वडिलांनी त्या दिवशी किती लोळवले म्हणालात?"

"त्यांनी गवत पाहिलं," मास्तर म्हणाले.

गिऱ्हाईक खो खो हसलं. "आम्हाला उडवून लावता होय!"