सुलतानची दृष्ट

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे, आणि पदवी मिळेपर्यंत प्राण्यांशी माझी ओळख फक्त त्यांना फाडण्यापुरतीच झाली होती.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विज्ञानासाठी प्राण देण्याची संधी बेडूक, झुरळ आणि गोगलगाय एवढ्यांनाच मिळे. माझे वडील, आप्पा, जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशी राखत आले. "तू शीक. जनावरांमागं फिरणं माझ्यापाशीच संपू दे," असं ते म्हणायचे. मी शिकलो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो, क्वार्टर मिळालं. मला इथवर आणणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. (साहेबांचाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.)

त्या उन्हाळ्यात माझी बदली कुठेतरी दूर ईशान्येला होणार, अशी कुजबुज ऑफिसात सुरू झाली. आमची मुक्ता नुकतीच दहावीत गेलेली. बायको, सुनंदा, रोज विचारायची, "साहेबांशी बोललात का?" मी रोज फाइल घेऊन साहेबांपुढे उभा राहायचो आणि फाइल घेऊन परत यायचो. शेवटी एक दिवस साहेबच बोलले.

"तुम तो जूलॉजी के हो ना?"

"जी सर!" (आयुष्यात इतक्या अभिमानानं मी कशालाच हो म्हटलं नव्हतं.)

"गुड. मैं ट्रेनिंग पर बाहर जा रहा हूँ. सुलतान तुम्हारे यहाँ रहेगा."

नावावरून मला अल्सेशियन वाटला. निघाली गोगलगाय! मुठीएवढी, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची, साहेबांनी केरळच्या दौऱ्यावरून हौसेनं आणलेली. साहेबांना मूलबाळ नव्हतं. सगळी माया या शंखात शिरली होती. मॅडमना मात्र तिची इतकी किळस की, साहेब नसताना त्या तिला एक दिवसही सांभाळायला तयार नव्हत्या.

"इसको खरोंच भी नहीं आनी चाहिए," काचेची पेटी माझ्या हातात देताना साहेब म्हणाले. "और तुम्हारी ट्रान्सफर... लौटकर देखते हैं."

एवढं पुरे होतं. दिल्लीच्या जूनमध्ये आमच्या घरात कूलर एकच. तो सुलतानकडे तोंड करून लावला गेला. आम्ही कूलरच्या मागच्या बाजूला घाम पुसत बसलो.

आई उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती. (आप्पा म्हशींना सोडून कुठे येत नाहीत.) तिनं पेटीत डोकावून पाहिलं. "अरे, असल्या गोगलगाई शेतातून वेचून बांधावर फेकतो आपण!"

"आई, हळू! साहेबांची आहे ती."

"साहेबांची?" आईनं डोक्यावरचा पदर सावरला. "चहा पिते का?"

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला रीघ लागली. आमच्या सेक्शनचे वर्माजी काकडी घेऊन आले. त्यांना भाचीच्या लग्नासाठी लांब रजा हवी होती. "सुलतानजी, कैसे हैं आप?" असं म्हणून त्यांनी शंखावर प्रेमानं टिचकी मारली. मग टायपिस्ट टरबूज घेऊन आला, त्यानंही मारली. हेडक्लार्क सहकुटुंब आले. त्या चौघांनी चार टिचक्या मारल्या आणि जाताना हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब को बता देना, हम आए थे." ज्या माणसाला साहेबांच्या केबिनचं दार वाजवायची हिंमत नव्हती, तोसुद्धा आमच्या घरी येऊन शंख वाजवून गेला!

परिणाम व्हायचा तोच झाला. सुलताननं अंग आत ओढून घेतलं आणि शंखाच्या तोंडाशी पातळ पडदा लावून टाकला.

"बाबा, यार, हा तो बिल्कुल हिलत नाहीये," मुक्ता म्हणाली.

त्याच वेळी परदेशातून साहेबांचा फोन. "खा रहा है?"

"जी सर, भरपूर!" (खात आम्ही होतो. वर्माजींच्या काकड्या.)

मी जुन्या ट्रंकेतून क्रमिक पुस्तक काढलं. त्यात गोगलगाय कशी कापावी हे आकृतीसह होतं. कशी उठवावी याबद्दल एक ओळ नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ईशान्येकडची रेल्वे दिसू लागली.

"पुस्तकं काय बघतोस?" आई म्हणाली. "एवढी माणसं येऊन डोळे फाडून बघून गेली. दृष्ट लागलीय तिला."

"दृष्ट म्हणजे?" मुक्तानं विचारलं. "नजर?"

"हो गं बाई, तुझी नजर!" असं म्हणत आई स्वयंपाकघरात गेली आणि मूठ आवळून परत आली. पेटीचं झाकण मी स्वतः काढलं. आईनं मूठ सुलतानवरून गोल गोल फिरवली. "आल्याची, गेल्याची, वर्माची, टायपिस्टाची, हेडक्लार्काच्या बायकोची..." तिच्या बोटांच्या फटींतून पांढरे खडे टपटप पेटीत पडत होते, आणि मी, विज्ञानाचा पदवीधर, हात जोडून शेजारी उभा होतो!

सुलतानच्या शंखातून फेस येऊ लागला.

"बघ!" आई आनंदानं ओरडली. "उतरतेय, उतरतेय!"

"अहो!" सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "मिठाचा डबा उघडा कसा? मुठीत काय आहे त्यांच्या?"

"मीठ-मोहरी," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आठवलं. गोगलगाईवर मीठ टाकलं की काय होतं, यावर मला पैकीच्या पैकी गुण होते!

मी सुलतानला उचलून नळाखाली धरायला धावलो. सुनंदानं माझा हात मागे खेचला. "उकडणार आहात का त्याला?" खरंच होतं. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या त्या पाण्यात नुसती चहाची पूड टाकायची राहिली होती. मग माठातलं पाणी ओतून ओतून त्याला धुतलं आणि कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे दोन पॉमेरियन आणि एक पोपट आमच्या आधी होते.

"क्या तकलीफ है?"

"नजर उतारी थी, डॉक्टरसाब."

"किसकी?"

मी रुमाल उघडला. डॉक्टरांनी शंखाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "धो दिया ना? ठंडी, गीली मिट्टी में रख दो. बाकी ऊपरवाला."

थंड, ओली माती आमच्या घरात एकाच ठिकाणी होती: बाल्कनीत, आईच्या तुळशीच्या कुंडीत.

"तुळशीत?" आई कळवळली. मग मुक्ताच्या दहावीच्या पुस्तकांकडे पाहून म्हणाली, "ठेवा. मी देवाला समजावते."

कुंडीवर ओलं फडकं टाकलं. आत काय चाललंय हे उघडून बघायचं धाडस कुणालाच झालं नाही. आई रोज लांबूनच पाणी शिंपडायची आणि माफी मागायची. (तुळशीची की सुलतानची, ते मी विचारलं नाही.) मी मनातल्या मनात गरम कपड्यांचं सामान बांधत होतो.

साहेब परतले ते विमानतळावरून थेट आमच्या घरी. "कहाँ है मेरा सुलतान?"

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. साहेबांनी स्वतः फडकं उचललं.

तुळशीची फक्त काडी उरली होती. काडीच्या टोकाला सुलतान लोंबकळत होता, शिंगं ताणून, शेवटचं पान खात. आणि खाली मातीत टपोऱ्या साबुदाण्यासारखी अंड्यांची रास!

"सुलतान ने... अंडे?" साहेब कुंडीवर वाकले.

दुसरं वर्ष अखेर कामी आलं. "सर, इनमें नर और मादा एक ही होता है."

"अगं बाई, बाळंत झाली!" आई म्हणाली. "सुनंदा, अळीव भिजत घाल!"

साहेबांनी डोळे पुसले. "मेरे घर में तो कभी इतना खुश नहीं हुआ. क्या खिलाया? क्या किया?"

"वो... घरेलू नुस्खा, सर," मी म्हणालो. सुनंदानं मिठाचा डबा पदराआड केला.

"मॅडम तो एक भी नहीं रखने देंगी. ये सब यहीं पलेंगे," साहेब म्हणाले. "तुम्हारी ट्रान्सफर का सवाल ही नहीं उठता!"

आनंदाच्या भरात मी गावी फोन लावला. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तूही दुसऱ्याची जनावरंच राखायला लागलास."

"आप्पा, गोगलगाई आहेत त्या."

"दूध देतात?"

"नाही."

पलीकडे एक म्हैस हंबरली.

"एवढं शिकलास," आप्पा म्हणाले, "आणि भाकड राखायला लागलास होय!"