वस्तऱ्याखालचं एकमत

कसालच्या बाजारात एक न्हावी आहे. त्याचं नाव मला अजून माहीत नाही, कारण त्याच्या खुर्चीत बसल्यावर प्रश्न आपण विचारायचे नसतात. ते तो विचारतो.

त्याचा लाडका रॉक बँड फुटला आणि चौघांनी आपापले अल्बम काढले. कोणाचा भारी, यावर इतर गावांत भांडणं झाली. कसालात मात्र एकमत आहे: बेस गिटारवाल्याचा.

हे एकमत कसं होतं ते मी अनुभवलंय. तो तोंडाला फेस लावतो, हनुवटीखाली अंगठा देऊन मान मागे करतो, वस्तरा गळ्यावर टेकवतो आणि मग मायेने विचारतो, "आता सांगा बघूया, कोणाचो अल्बम बरो? हलू नकात."

मला खरं तर गायकाचा आवडतो. बेसवाल्याचा ऐकताना कोणीतरी होडीचं बंद पडलेलं इंजिन सुरू करतंय असं वाटत राहतं. पण गळा माझा होता.

"बेसवाल्याचो," मी म्हणालो.

"तुमका गाण्यातला कळता!" त्याने खूश होऊन डोक्याला मालिशही केली.

शेवटी मी दाढीच वाढवली. बायकोला वाटलं, नवस बोललोय.

परवा तो मासळीबाजारात भेटला. दाढीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "काय ओ, हल्ली गायकाक ऐकतास काय?"

त्याच्या हातात वस्तरा नव्हता, तारल्यांची पिशवी होती. तरी माझी मान आपोआप मागे गेली.

"छे छे," मी म्हणालो, "बेसवाल्याकच."