ओदेलूचं डावं मूत्रपिंड

ओदेलू गौड ताडी काढायला ताडावर चढतो; गौडांचा तो पिढीजात धंदा. त्याचे वडील चढायचे, आजोबा चढायचे. एक चुलते चढले, पण उतरले ते नेहमीपेक्षा फार लवकर. आमच्या गावात मुतखडा झाला की माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी ओदेलूकडे जातो. पहाटेच्या ताडीने खडा विरघळतो, असं सगळे मानतात. खडा विरघळतो की नाही ते सांगता येत नाही. लघवी भरपूर होते आणि माणूस खुशीत असतो, एवढं नक्की.

गेल्या उन्हाळ्यात ओदेलूच्याच कमरेत कळ आली. स्वतःची ताडी स्वतःला लागू पडत नाही, हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. गावात तपासणीचं शिबिर आलं तेव्हा तो गुपचूप रांगेत उभा राहिला. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "उजवीकडे बारीक खडा आहे, पाणी प्या, पडून जाईल. डावं मूत्रपिंड जागेवर नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा. पुढचा!"

बाहेर लोकांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"डावं नाही म्हणाले."

संध्याकाळपर्यंत गावाने तपास पूर्ण केला. बऱ्याच वर्षांपूर्वी ओदेलूचं हर्नियाचं ऑपरेशन हैदराबादला झालं होतं. त्याला तिथे घेऊन गेला होता त्याचा मेहुणा सम्मय्या. जांघेत डावीकडे व्रण होता. म्हणजे खालून ओढून काढलं. आणि त्याच वर्षी सम्मय्याने ऑटो घेतला होता. आणखी काय पुरावा हवा?

ताडाच्या बनात, सगळे प्यायला बसलेले असताना, ओदेलू म्हणाला, "माझं मूत्रपिंड विकून सम्मय्या ऑटो चालवतोय. त्याच्या घरात मुलगी द्यायची नाही."

मुलगी म्हणजे मौनिका. ती पाळण्यात होती तेव्हापासून मामाच्या, म्हणजे सम्मय्याच्या मुलाला दिल्यातच जमा होती. तिची आई कोमुरव्वा ही सम्मय्याची बहीण. जेवताना नवऱ्याने पाणी मागितलं की ती म्हणायची, "एकट्या मूत्रपिंडाला किती राबवाल?"

शेवटी ती माझ्याकडे आली. मी मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ आहे.

"बिड्डा, लेकरा, यांना एकदा यंत्राखाली घाल. माझ्या भावाने चोरलं असेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. नसेल तर ह्यांचं काय करायचं ते मी बघते."

मी ओदेलूला पाणी पाजून बसवलं. मूत्राशय भरलं की ओटीपोटातलं नीट दिसतं. तो पाय आवळून बसला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या देत होता.

डॉक्टर मॅडमनी पाठ, कूस पाहिली. मग बेंबीखाली यंत्र दाबलं आणि थांबल्या.

"हे बघा तुमचं डावं."

"तिथे? तिथे कुणी ठेवलं?"

"कुणी नाही. जन्मापासून तिथेच आहे."

त्याला पटेना. मग मी बोललो, "ओदेलूअन्ना, आईच्या पोटात दोन्ही मूत्रपिंडं खाली, कमरेच्या हाडांत तयार होतात. मग हळूहळू वर चढतात, बरगड्यांपर्यंत. चढताना खालची रक्तवाहिनी सोडतात, वरची धरतात. तू दोर वर सरकवत जातोस ना, तसं. तुझं उजवं चढलं. डावं चढलंच नाही."

ओदेलू कोपरावर उठून पडद्याकडे बघू लागला. चोरी त्याने सहन केली असती.

"गौडाच्या पोटात असून चढलं नाही?"

"नाही."

"काम तरी करतं का?"

"सगळं करतं. रक्त गाळतं, लघवी तयार करतं. तिथून मूत्राशयापर्यंतची नळीही आखूड."

"म्हणजे आळशी आहे," तो म्हणाला. "आता जाऊ का मी? भरलंय."

तिथून कोमुरव्वाने त्याला सरळ भावाच्या दारात नेलं. सम्मय्या अंगणात ऑटो पुसत होता. त्याने बावाकडे, बहिणीच्या नवऱ्याकडे, वर पाहिलं नाही.

"सापडलं," ओदेलू म्हणाला.

"कुठं?"

"माझ्यातच."

"मग माझ्याकडे कशाला आलास, बावा? तुझं तुला सापडलं, सुखी राहा."

"मौनिकाचं..."

"बनात चारचौघांत मला चोर म्हणालास. आता चारचौघांतच सांग. नाहीतर माझ्या मुलाला मुली पुष्कळ आहेत."

दुसऱ्या दिवशी बनात ओदेलूने सगळं सांगितलं. खाली तयार होतं, वर चढतं, आपलं चढलं नाही, सम्मय्याने काही केलं नाही. सम्मय्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हातारा पोशय्या म्हणाला, "म्हणजे काढलं, आणि परत बसवलं."

"बसवलं नाही, तिथेच होतं!"

"घाईत खाली बसवलं असणार. सम्मय्याला दया आली असेल. बहिणीचं कुंकू आहे शेवटी."

"हां, तसंच," बाकीचे म्हणाले. "माणूस वाईट नाही."

ओदेलूने पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं. सम्मय्याने त्याचा दंड धरला.

"राहू दे, बावा. परत केलं म्हणतायत, तेवढं पुरे. लग्नाची तारीख काढ."