सासूच्या नावाचा गाळा

मंडईत भाजी घेताना तुम्ही कधी मान वर केली आहे का? मावशी करायला लावत. लिंबं-आलं विकणाऱ्या या बाई हातातल्या लिंबानेच छताकडे खूण करत. “आधी वर बघा, मग भाव विचारा.” एका गिऱ्हाइकाने विचारलं, लिंबांना रस आहे का? “नाही, दर्शनाला ठेवलीत.”

इमारतीचा इतिहास मला त्यांनीच सांगितला. त्यांच्या सासूची आजेसासू शनिवारवाड्यापुढच्या उघड्या बाजारात बसायची. ही दगडी इमारत झाली तेव्हा भाजीवाले आत यायलाच तयार नव्हते. छप्पर आलं की भाडं आलं, म्हणत. “आणि आता आम्हाला बाहेर काढून दाखवा,” असं म्हणून मावशी हसत.

त्या दिवसांत हिंजवडीच्या कंपन्यांना बरकत होती आणि मंडईच्या जागी मॉल येणार, अशी बोलवा होती. मी पेटले. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात अन्याय दिसला की आधी पत्रक निघे, मग चहा.

मावशींनी बोलता बोलता मला एक गोष्ट सांगितली होती. गाळ्याचा परवाना अजून सासूच्या नावावर होता. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नावबदलाला दिरांच्या सह्या लागत आणि ते देत नव्हते. मंडईत असे कितीतरी जण मेलेल्यांच्या नावावर बसत. सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलत नसे.

मी ते मावशींच्या नावानिशी छापलं. ‘सासू गेली, तरी गाळा तिच्याच नावाने चालतो. ही पिढ्यांची नाळ तोडणार का?’ या वाक्यावर मी फार खूश होते. पत्रक गाळ्यागाळ्यावर वाटलं, बाजाराच्या कचेरीतही स्वतः नेऊन दिलं.

आठवड्याने तपासनीस तेच पत्रक हातात घेऊन आला. परवानाधारक मृत, म्हणून गाळ्याला सील. मी धावत गेले तेव्हा मावशी तराजू पोत्यात गुंडाळत होत्या. मी माफी मागू लागले.

“कशाला गं? सगळं खरंच तर लिहिलंस,” त्या म्हणाल्या. “फक्त आधी विचारलं असतंस, तर नको म्हटलं असतं.”

शेजारच्या बायकांनी माझ्याकडे पाठ केली.

मॉल आला नाही. इमारत उभी आहे आणि त्या पत्रकाचं अजून कौतुक होतं. होतं तेव्हा मी विषय बदलते. मावशी स्वारगेटजवळ फुटपाथवर बसतात. अतिक्रमणाची गाडी दिसली की या वयात पोतं उचलून पळतात.

गाळा अजून रिकामाच आहे. दीर आता कसेबसे सही द्यायला कबूल झालेत, पण इतकी वर्षं तिथे मावशीच बसत होत्या, याला गिऱ्हाइकांची साक्ष हवी आहे. नावबदलाच्या अर्जातला शब्द न शब्द मावशींनीच सांगितलेला आहे. तुमच्या घरात कधी त्यांच्याकडची लिंबं आली असतील, तर रविवारी सकाळी मंडईच्या दारात या, अर्ज नीट वाचा आणि त्यावर सही करा.