गायिकेचा रकाना

परवा प्रवासाच्या बॅगेत टूथपेस्टची ट्यूब फुटली आणि त्या वासासरशी नाशिकच्या आमच्या फ्लॅटमधला एक जुना रविवार आठवला. मी घरातल्या सगळ्या सीडी लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. वडील शेजारी बसून ओरखडे पडलेल्या सीडीला टूथपेस्ट चोळायचे, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसून माझ्या हातात द्यायचे. विकतच्या सीडीतल्या गाण्यांची नावं लॅपटॉप आपली आपण भरत होता. शेवटी आईची सीडी आली. कॉलनीतल्या भजनी मंडळात ती गायची, तेव्हा कुणीतरी रेकॉर्ड करून दिलेली. तिचे सगळे रकाने रिकामे आले. वडिलांनी आईला कधी नावाने हाक मारली नव्हती. घरात ‘अगं’ आणि बाहेर ‘आमची मंडळी’, यावर त्यांचा संसार चालला होता. म्हणून मी मुद्दाम विचारलं, “गायिका कोण लिहू?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “लग्नात उखाणासुद्धा घेतला नाहीत, आज तरी नाव घ्या.” वडिलांनी आधीच स्वच्छ झालेली दुसरी एक सीडी पुन्हा पुसली आणि म्हणाले, “लिही, तुझी आई.” मी हसत हसत तसंच टाइप केलं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल आईला घेऊन दिंडोरीला निघालो, तेव्हा गाडीत पेनड्राइव्हवरचं आईच्या त्या सीडीतलं भजन लागलं. गाडीच्या पडद्यावर गायिकेच्या जागी ‘तुझी आई’ अशी अक्षरं आली. आईने चष्मा सावरून ती वाचली आणि म्हणाली, “बघ, अजूनही नाव घेत नाहीत.”