सरांचं वाक्य आणि माझा बाप

सोनकांबळे सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी चिडून बसलो होतो. तिच्यावर नाही, सरांवर. पाथरीहून सेलू, सेलूहून जिंतूर, जिंतूरहून आमची येलदरी, अशा एसट्या बदलत ते यायचे, आणि उशीर झाला की मी त्यांना चहाच्या आधी शिव्या द्यायचो. त्या दिवशीच्या शिव्या तयार होत्या. मित्रा, सरांची मुलगी, फोनवर म्हणाली, "मामा, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी म्हणालो, "असं कसं? आमचं वाक्य अर्धं ऱ्हायलंय..." तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. मला चांगलं ऐकू आलं होतं. पण तोंडातून पहिलं तेच निघालं, आणि महिना उलटून गेला तरी डोक्यात तेच घोळतंय. रात्री कूस बदलतो, तेच. जाळ्याची गाठ मारतो, तेच. म्हणून हे लिहायला बसलो.

माझं शिक्षण तिसरी. शिकला नाही असं कुणी म्हणू नये, शाळाच पाण्यात गेली. येलदरीचं धरण झालं तेव्हा पूर्णेकाठची जी गावं उठली त्यात आमची जुनी करंजी होती. पुढं सगळा जन्म धरणावरची मजुरी आणि मासेमारी यातच गेला. ज्या पाण्यानं गाव बुडवलं त्याच पाण्यात जाळं टाकून पोरं वाढवली, आणि त्याची मला बिलकुल लाज नाही. सर पहिल्यांदा आले तेव्हा पाथरीच्या कॉलेजात नुकते लागले होते. बुडालेल्या गावांवर प्रबंध लिहायचा म्हणून खांद्याला शबनम लावून दारात उभे. मी विचारलं, "सरकारचे का?" ते म्हणाले, "न्हाई मामा, मास्तर हाय." "मंग आमच्या गावात आता कुणाला शिकवता? माशांना?" ते हसले नाहीत. म्हणाले, "माझं आजोळबी त्याच पाण्यात हाय. नदीकडची वस्ती आमची. पाणी आधी आमच्यात शिरलं, मंग तुमच्यात आलं." या माणसाला हाकलता येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

कितीतरी वर्षं ते येत राहिले. माझी आई होती, शेजारच्या म्हाताऱ्या होत्या. कोणती विहीर गोडी, कोणत्या शेताला काय म्हणायचे, कुणाच्या लग्नात मांडव पेटला, सगळं विचारलं. प्रबंध झाला, त्याचं पुस्तक झालं. शहरातल्या एका प्रकाशकानं छापलं, थोड्याच प्रती काढल्या, त्या संपल्या, आणि विषय मिटला. सरांकडं एकच प्रत उरली. ती घेऊन ते यायचे आणि आमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. उठून येलदरीजवळ वसलेल्या नव्या करंजीतली माणसं गोळा व्हायची. ज्याचं नाव यायचं तो ताठ बसायचा, ज्याचं नाही यायचं तो रुसून उठून जायचा. मी तर ते पुस्तक इतक्यांदा ऐकलं की सरांनी पान उलटायच्या आत पुढची ओळ म्हणायचो. लोक म्हणायचे, मामाला पाठ झालं. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पुढं एकदा सर फोन हातात नाचवतच आले. कुठल्याशा मोठ्या ग्रंथालयानं आपली जुनी पुस्तकं यंत्रात घालून फोनवर आणली होती, त्यात हे पुस्तक होतं. ओट्यावर गर्दी झाली. पुस्तकाचं कव्हर दिसलं. आत माझ्या बापाचं नाव दिसलं, धोंडिबा. माझ्या बापानं जन्मात एकदा फोटो काढला नाही, आणि त्याचं नाव काचेत उजळलेलं... मी म्हणालो, "पुढचं पान काढा." सरांनी बोट फिरवलं. पान आलं नाही. पांढरी पाटी आली. सरांनी वाचून दाखवली, की हक्क ज्यांच्याकडं आहे त्यांच्या परवानगीशिवाय पुढची पानं दाखवता येणार नाहीत. मी विचारलं, "हक्क कुणाचा?" सर म्हणाले, "प्रकाशकाचा. छापताना मी सही करून दिला." "गाव आमचं, बाप माझा, आन् इजाजत त्याची?" "गावाचा हक्क न्हाई हो मामा. गाव बुडालं, ही गोष्ट कुणीबी सांगू शकतो. मी ज्या शब्दांत लिवलं त्या शब्दांचा हक्क." शेजारचा म्हणाला, "म्हंजी भांडं आपलं, कल्हई त्याची." सर म्हणाले, "तसंच समजा." मी काही समजलो नाही. समजायची माझी तयारीच नव्हती.

मी साधा मार्ग सांगितला. तुमची प्रत द्या, जिंतूरला झेरॉक्स मारतो, घरटी एक वाटतो. सर नाही म्हणाले. अभ्यासाला चार पानं काढा, चालतं. आख्खं पुस्तक काढून वाटायचं नाही. प्रकाशक वारला होता, त्याचा मुलगा दुकान चालवत होता. सर त्याच्याकडं खेटे घालत होते, की बाबा, तू परत छाप तरी, नाहीतर हक्क मला परत दे, मी सगळ्यांसाठी खुलं करतो. तो म्हणायचा, बघू सर, घाई काय आहे. मी म्हणालो, "त्याच्यापुढं हात जोडायचे आन् आमाला कायदा शिकवायचा. भेता तुमी." सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मामा, माझी पोरं कॉलेजात दुसऱ्याचं लिवलेलं उतरवून आणतात, मी त्यांना नापास करतो. मीच झेरॉक्सच्या दुकानात उभा राहू का?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझं आजही म्हणणं आहे की सर चुकले. ज्या म्हाताऱ्यांनी सांगितलं त्या एकेक करून गेल्या, एकीच्याही घरात ते पुस्तक नव्हतं. कायद्यानं त्यांचं काय भलं केलं, ते मला कुणी शहाण्यानं सांगावं.

पण सरही माझ्यासारखेच हट्टी. निवृत्त झाल्यावर एक दिवस आले आणि म्हणाले, "मामा, गोष्ट कुणाच्या मालकीची नसती ना? मंग आपण परत सांगू. नव्यानं, तुमच्या तोंडून. मी लिवतो. या नव्या पुस्तकावर सही कुणालाच द्यायची न्हाई, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं." मला पटलं. जुनं गाव बघितलेला सगळ्यात जुना मीच उरलो होतो. बैठक मारली, आणि मी असा काही सुटलो की विचारू नका. पाण्याची गोष्ट, उठवणीची गोष्ट... सर लिहीत होते, लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "मामा, हे माझं वाक्य हाय." "कोणतं?" "आत्ता म्हणले ते. आन् त्याच्या आधीचंबी." मी म्हणालो, काहीतरी बोलू नका. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. शब्दाला शब्द. ते पोट धरून हसायला लागले, "मामा, तुमी तर माझं आख्खं पुस्तक चोरलं की हो!" मी म्हणालो, "आधी तुमी माझं गाव चोरलं, त्याचं काय?" माझी सून आतून म्हणाली, "दोघांलाबी पोलिसात देते, थांबा."

हसलो खरं, पण ते हसणं फार टिकलं नाही. कारण ते वाक्य माझं नाही तर माझं कोणतं? सर दर वेळी यायचे, मी सांगायचो, ते हात वर करायचे, "हे पुस्तकातलं. त्याच्या खाली काय हाय?" विहीर खरवडतात तसं चाललं होतं. कधी खाली काही सापडायचं. आईनं शेवटच्या सकाळीही घर सारवलं होतं, ते पुस्तकात नव्हतं, ते निघालं. कधी खाली काहीच नसायचं, नुसते सरांचे शब्द. मग मी चिडायचो. आपल्याच घरात आपण पाहुणा झाल्यावर माणूस चिडणारच.

शेवटच्या वेळी आम्ही घर सोडण्यावर आलो. बापानं जुन्या घराची सागवानी चौकट उपटून काढली आणि नव्या जागी आणली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी सांगितलं, की बापानं उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि नदीचं पाणी गावात यायच्या आधी त्याच्या डोळ्यांतलं पाणी गावात आलं. सरांनी हात वर केला. जरा लाजलेच. "तरुण होतो मामा, असं लिवायची हौस होती. ते काढू. साधं सांगा. रडले का तुमचे वडील?" मी म्हणालो, "तुमीच लिवलं की, रडले." "मी लिवलं कारण तुमी सांगितलं." "मी? मी असं कधी सांगणार न्हाई. माझा बाप चार माणसांत रडणारा नव्हता." "मामा, मी मनानं कशाला घालू?" "हौस होती म्हणले ना आत्ता!" सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "खरं सांगू का, मलाबी आता आठवत न्हाई. तुमी म्हणला होता का मीच..." एसटीची वेळ झाली. जाताना म्हणाले, "आठवून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच." पुढची वेळ म्हणजे तो फोन.

आता विचारायचं कुणाला? सरांची मुलगी मित्रा म्हणाली, पुस्तकाचा हक्क लिहिणारा गेल्यावरही साठ वर्षं चालतो, मग ते सगळ्यांना मोकळं. म्हणजे घड्याळ सर गेल्यावर सुरू झालं. बघा कायदा. ती पुढं म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणत होता ना? मग बाबांची प्रत घेऊन जा, करा झेरॉक्स. मी काही कुणाला सांगणार नाही." मी नको म्हणालो. जितेपणी भांडलो ते भांडलो. मेलेल्या माणसाला हरवून काय मर्दुमकी गाजवायची? तिला म्हणालो, झेरॉक्स नको, तूच ये, अर्धं राहिलंय ते लिहून घे. ती आली. नोकरीला सुट्टी टाकून, बापासारखीच एसट्या बदलत.

ओट्यावर बसलो, आणि पहिल्या वाक्यालाच ती म्हणाली, "हे बाबांचं." तीही ते ऐकतच मोठी झालेली. मी डोळे मिटले. उंबरा बाजूला ठेवला, डोळ्यांतलं पाणी, नदीचं पाणी, सरांचं सगळं बाजूला ठेवलं. वाटलं, खाली काही नसणार. मग खांदा आठवला. चौकटीचं मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं. लाकडाला चिकटलेली भिंतीची माती चालताना माझ्या मानेवर पडत होती, आणि हात मोकळा नव्हता म्हणून झटकता येत नव्हती. पुढचं टोक बापाच्या खांद्यावर. गाव संपेपर्यंत तो एकदाही मागं वळला नाही.

मित्रानं विचारलं, "मग रडले का आजोबा?"

मी म्हणालो, "तुझ्या बापानं लिवलं, रडले. दोन-चार ओळी नाव देऊन घेतल्या तर चालतं, असं तेच सांगायचे. ते वाक्य घाल, आन् त्याच्यापुढं त्यांचं नाव घाल. माझा बाप माझ्या पुढं चालायला होता. मला त्याची पाठ दिसायली होती. माझ्या नावानं पाठ लिही."

तिनं लिहिलं. सर एक वाक्य लिहून झालं की पेनाचं टोपण गुडघ्यावर आपटायचे, टक्. म्हणजे पुढचं सांगा. मित्रा लॅपटॉपवर लिहिते, त्याला तसला काही आवाज नाही. तिचं केव्हाच लिहून झालेलं असतं, आणि मी आपला गप्प बसलेला असतो, टोपणाची वाट बघत.